‘यंग आइन्स्टाइन’: एका लोणकढी थापेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विस्मरणात गेलेले जुने सिनेमे शोधून ते मित्रमंडळींना दाखवायचे, हा माझा रविवार रात्रीचा उद्योग. त्यातला ‘यंग आइन्स्टाइन’ (१९८८, ऑस्ट्रेलिया, साधारण दीड तास) हा सर्वांत जास्त प्रश्न ओढवून घेणारा निघाला. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि दर वेळी मी तीच उत्तरं देतो, तेव्हा एकदा लिहूनच ठेवतो.

हे आइन्स्टाइनचं चरित्र आहे का?

नाही. नाव आइन्स्टाइनचं, पिंजारलेले केस त्याचे, व्हायोलिन त्याचं आणि सूत्र त्याचं. बाकी सगळी थाप.

गोष्ट तरी काय आहे?

विसाव्या शतकाची सुरुवात. टास्मानिया बेटावर सफरचंदाच्या बागा राखणारं एक आइन्स्टाइन कुटुंब आहे. मुलगा अल्बर्ट कामात कमी आणि विचारात जास्त. एक दिवस बाप त्याला घराण्याचं गुपित सांगतो. पूर्वजांना एकच ध्यास होता: बिअरमध्ये बुडबुडे कसे आणायचे? त्यासाठीची घराण्याची प्रयोगशाळा म्हणजे रानातलं एक पत्र्या-फळ्यांचं खोपट. अल्बर्ट तिथे जाऊन बसतो, बिअरचा अणू समोर ठेवतो आणि हातात घेतो छिन्नी न् हातोडा.

सिनेमाचा सगळा स्वभाव या एका दृश्यात कळतो. पाथरवट पाटा टाकवतो तसा हा पोरगा अणूवर छिन्नी धरतो, नेम धरतो, मारतो. खोपट उडतं. मग तोंड काजळलेला, केस ताठ उभे राहिलेला अल्बर्ट बाहेर येतो. बिअरला फेस आलेला असतो आणि जगाला ‘ई इज इक्वल टू एम सी स्क्वेअर’ मिळालेलं असतं.

बाप म्हणतो, जा, पेटंट घेऊन ये. अल्बर्ट सिडनीला निघतो. वाटेत आगगाडीत त्याला मारी क्युरी भेटते. हो, तीच. आणि प्रेस्टन प्रेस्टन नावाचा पेटंट कचेरीतला गुळगुळीत साहेबही भेटतो. हा साहेब सूत्र चोरतो, अल्बर्टची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते, मारी वेषांतर करून आत शिरते. दरम्यान अल्बर्टनं समुद्राच्या लाटांवर फळी घालून सर्फिंग शोधलेलं असतं आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यावर रॉक अँड रोल वाजवून झालेलं असतं. शेवट पॅरिसमध्ये, विज्ञानाच्या पारितोषिक समारंभात. प्रेस्टननं बिअरच्या पिंपातून नकळत अणुबॉम्ब बनवून ठेवला आहे आणि अल्बर्ट गिटार वाजवून त्यातली ऊर्जा शोषून घेतो.

गोष्ट सांगून टाकली म्हणून रागावू नका. हा सिनेमा गोष्टीसाठी कुणी बघत नाही.

खरा आइन्स्टाइन कधी ऑस्ट्रेलियात गेला होता का?

एकदाही नाही. जन्म १४ मार्च १८७९, जर्मनीतलं उल्म. बालपण म्युनिकमध्ये. वडील हेरमान आणि काका याकोब विजेच्या उपकरणांचा कारखाना चालवत होते. तो बुडाला, कुटुंब इटलीला गेलं. पोरगा आधी मागे राहिला, मग शाळा सोडून त्यांच्यामागे पोचला. १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा नापास झाला, पण गणित आणि भौतिकशास्त्रात तो चमकला होता. ‘आइन्स्टाइन गणितात नापास’ ही आपल्याकडच्या पालकांची आवडती कहाणी इथेच निकालात निघते. मग आराऊ गावात वर्षभर शाळा, पुढे पॉलिटेक्निक, पदवी १९०० मध्ये आणि १९०२ पासून बर्नच्या पेटंट कचेरीत तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तपासनीस.

इथे थांबून एक गंमत बघा. सिनेमात पेटंट कचेरीतला माणूस चोर आहे आणि आइन्स्टाइन नाडला जाणारा अर्जदार. खऱ्या आयुष्यात आइन्स्टाइनच खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला होता. लोकांच्या यंत्रांचे अर्ज तपासता तपासता त्यानं १९०५ साली भौतिकशास्त्र उलटंपालटं केलं. पटकथाकारांना हे माहीत नसेल असं वाटत नाही. त्यांनी मुद्दाम खुर्च्या बदलल्या आहेत.

आइन्स्टाइन ऑस्ट्रेलियात गेला नाही, पण त्याचा सिद्धान्त गेला. २१ सप्टेंबर १९२२ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून जाणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो, हे मोजायला शास्त्रज्ञांची पथकं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वॉलाल या उजाड किनाऱ्यावर उतरली होती. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या पथकाला तिथे उत्तम छायाचित्रं मिळाली आणि सापेक्षतेचं भाकीत खरं ठरलं. आपल्या कोडाईकनाल वेधशाळेतून जॉन एव्हरशेडही तिथे गेले होते. त्यांच्या उपकरणांनी दगा दिला, हात हलवत परत यावं लागलं. यावर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

मग टास्मानियाच का?

मला सर्वांत जास्त बोलायला आवडतं ते याच प्रश्नावर. ऑस्ट्रेलिया म्हणजे जगाच्या नकाशावरचा तळाचा कोपरा आणि टास्मानिया म्हणजे त्या कोपऱ्याचाही कोपरा. ऑस्ट्रेलियन माणसंच टास्मानियाच्या लोकांची टिंगल करतात. सफरचंदांचं बेट म्हणून ते ओळखलं जातं. विज्ञानाच्या इतिहासातला सर्वांत मोठा मेंदू नेऊन ठेवायला याहून आडगाव मिळालं नसतं.

सालही लक्षात घ्या. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिलं ब्रिटिश कैदी-आरमार येऊन धडकल्याला २०० वर्षं झाली होती. देशभर सोहळे, जहाजांच्या मिरवणुका, ‘आम्ही कोण’ यावर भाषणं. मूळ निवासी लोक मात्र निषेधाचे मोर्चे काढत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा सिनेमा लागला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला: आमचा इतिहास काय विचारता? आइन्स्टाइन आमचा, सर्फिंग आमचं, रॉक अँड रोल आमचं, बिअरचा फेससुद्धा आमचाच! स्वतःच्या देशाच्या बढाईची टर उडवायची तर ती इतकी फुगवायची की आपोआप फुटावी, हा त्यातला डाव.

मराठी प्रेक्षकाला हे कळायला अडचण येऊ नये. तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी गोकुळातल्या, पण भाषा तालुक्याच्या बाजारातली. मावशी कृष्णाला असा काही झापते की जणू तो नाक्यावरचा टवाळ पोरगा. पेंद्या बोबडं बोलत कालच्या बातमीवर टोमणा मारतो. ‘द्वापारयुगात असं नव्हतं हो’ असं म्हणत कुणी तंबूतून उठून जात नाही, कारण कृष्ण आपल्या गावात आल्याची मजा घ्यायलाच तर माणूस तिकीट काढतो. ‘यंग आइन्स्टाइन’ ही विज्ञानाची गवळण आहे. ती तशी बघितली तर जमते. चरित्रपट म्हणून बघायला बसलात तर दहाव्या मिनिटाला डोकं दुखेल.

सिनेमाचा नायक-दिग्दर्शक हा याहू सीरियस कोण? असं नाव असतं का कुणाचं?

नसतं, त्यानं घेतलं. जन्मनाव ग्रेग पीड, जन्म १९५३, न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलच्या कोळसा-पोलाद पट्ट्यातला. १९८० मध्ये रीतसर नाव बदललं. ‘याहू’ म्हटल्यावर आपल्याला बर्फात लोळणारा शम्मी कपूर आठवतो, पण इंग्रजीत हा शब्द स्विफ्टच्या गलिव्हरच्या सफरींतून आला. तिथले याहू म्हणजे माणसासारखी दिसणारी रानटी, घाणेरडी जमात. ऑस्ट्रेलियन बोलीत दंगेखोर, उडाणटप्पू पोराला याहू म्हणतात. तेव्हा नावाचा अर्थ झाला साधारण ‘टवाळ गंभीर’. नावातच त्याची विनोदाची पद्धत आली.

या सिनेमात नायक तोच, दिग्दर्शक तोच, निर्मात्यांत तो आणि डेव्हिड रोचबरोबर लेखकही तोच. ॲमेझॉनच्या प्रवासात कुणाच्या तरी अंगात जीभ बाहेर काढलेल्या आइन्स्टाइनचा टी-शर्ट दिसला आणि कल्पना सुचली, असं सांगतात. ते मूळ छायाचित्र १४ मार्च १९५१ चं, आइन्स्टाइनच्या ७२ व्या वाढदिवसाचं. छायाचित्रकारांनी भंडावून सोडलेल्या म्हाताऱ्यानं जीभ काढली आणि जगातला सर्वांत गंभीर मेंदू टी-शर्टवर जाऊन बसला. म्हणजे आइन्स्टाइनला विदूषक करण्याचं काम निम्मं आइन्स्टाइननंच करून ठेवलं होतं.

बाकी कलाकार?

मारी क्युरी झाली आहे ओडील ल क्लेझिओ. खलनायक प्रेस्टन म्हणजे जॉन हॉवर्ड. पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला तो जॉन हॉवर्ड वेगळा, हा नट. दर वेळी कुणीतरी विचारतंच. अल्बर्टचे आईबाप सू क्रुकशँक आणि पीवी विल्सन हे दोघंही मुळात गायक. विल्सन तर ‘डेलटोन्स’ या जुन्या गाजलेल्या गायकवृंदातला. त्यांची भूमिका लहान आहे, पण बाप खोपटातली कुलपरंपरा सांगतो तो प्रसंग मला अख्ख्या सिनेमात सर्वांत आवडतो. आपल्याकडे कुणी पानिपतावर पडलेल्या खापरपणजोबांची तलवार दाखवावी, त्या भारदस्तपणे तो बुडबुड्यांबद्दल बोलतो.

छिन्नीनं अणू फुटेल का?

अहो, छिन्नीच मुळात अब्जावधी अणूंची. डोंगरानं मोहरी फोडायला निघण्यासारखं आहे ते.

पण प्रश्नाचा पुढचा भाग जास्त मजेदार आहे: समजा फुटला, तर स्फोट होईल का? बिअर म्हणजे बहुतेक पाणी, थोडं अल्कोहोल, थोडी साखर. जवळजवळ सगळे अणू हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बनचे. हायड्रोजनच्या केंद्रात बहुधा एकच प्रोटॉन, त्यात फोडायचं काय? ऑक्सिजन आणि कार्बन ही हलकी केंद्रकं. लोखंडाच्या आसपासची केंद्रकं सर्वांत घट्ट बांधलेली असतात. त्याहून जड, म्हणजे युरेनियमसारखी, फुटली तर ऊर्जा बाहेर पडते. त्याहून हलकी फोडायला गेलात तर उलट आपल्याच पदरची ऊर्जा घालावी लागते. थोडक्यात, बिअरचा अणू फोडणं हा तोट्याचा धंदा आहे. खोपट शाबूत राहिलं असतं. युरेनियमचं केंद्रक दुभंगतं हे कळलंच १९३८ च्या डिसेंबरात, बर्लिनमध्ये.

सूत्र मात्र खरं आहे आणि त्याचा आकडा आजही अंगावर येतो. एक ग्रॅम वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदललं तर विजेचे सुमारे अडीच कोटी युनिट होतात. तुमच्या महिन्याच्या बिलावर जो युनिट छापलेला असतो, तोच. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये एक ग्रॅमहूनही कमी वस्तुमानाची ऊर्जा झाली होती. आइन्स्टाइननं हे सूत्र ज्या लेखात मांडलं तो २७ सप्टेंबर १९०५ ला छापायला पोचला. जेमतेम तीन पानांचा.

आणि बिअरमधले बुडबुडे?

ते यीस्टचं काम. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. भांडं बंद असेल तर वायू दाबाखाली द्रवात विरघळून राहतो, बूच उघडलं की फसफसून वर येतो. आपल्या इडलीच्या पिठाला जाळी पडते त्यातही हाच वायू असतो. कुठल्याही आइन्स्टाइनची गरज हजारो वर्षं पडली नव्हती.

तरीही बिअर आणि विज्ञान यांची सांगड वाटते तितकी येडचाप नाही. जोसेफ प्रीस्टलीनं १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका बिअर कारखान्यात, आंबवणीच्या पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात मिसळून सोडावॉटर बनवलं. ज्याच्या नावानं ऊर्जा मोजतात तो जूल बिअर गाळणाऱ्या घरातला. आम्लता मोजायची ‘पीएच’ मोजपट्टी १९०९ साली निघाली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून. संख्याशास्त्रात विद्यार्थ्यांना छळणारी ‘टी’ चाचणी डब्लिनच्या गिनेस कंपनीतल्या गॉसेट नावाच्या नोकरदारानं शोधली.

आणि हे ऐका: १८८५ मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे बिअरच्या त्या जगप्रसिद्ध जत्रेला, विजेच्या दिव्यांचा लखलखाट केला तो आइन्स्टाइन घराण्याच्या कंपनीनं. अल्बर्ट तेव्हा सहा वर्षांचा. पटकथेत हे घातलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, काहीतरीच काय!

डार्विन त्या समारंभात कसा?

डार्विन १८८२ मध्येच वारला, तरी पारितोषिक समारंभात हजर आहे. असे घोळ मोजत बसलात तर वही भरेल. विजेची गिटार १९३० च्या दशकातली, रॉक अँड रोल १९५० च्या. सर्फिंग हवाई बेटांचं. ड्यूक कहानामोकूनं सिडनीच्या किनाऱ्यावर त्याचं गाजलेलं प्रात्यक्षिक दिलं ते १९१४-१५ च्या उन्हाळ्यात. भौतिकशास्त्राचं नोबेल स्टॉकहोमला देतात, पॅरिसला नाही. डार्विनबाबत एक गोष्ट मात्र खरी: तो तरुणपणी ‘बीगल’ जहाजावरून सिडनी आणि टास्मानिया दोन्हीकडे जाऊन आला होता, १८३६ मध्ये. म्हणजे आइन्स्टाइन, क्युरी आणि डार्विन या तिघांपैकी टास्मानियात खरंच पाऊल ठेवलेला हाच एकटा.

मारी क्युरी आणि आइन्स्टाइन यांचं खरंच काही होतं का?

मैत्री होती, प्रेमप्रकरण नव्हतं. मारी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. ब्रसेल्सच्या पहिल्या सॉल्वे परिषदेत, १९११ मध्ये, दोघं भेटले. त्याच सुमारास पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी मारीच्या खाजगी आयुष्यावरून तिला फाडून खाल्लं होतं. तेव्हा आइन्स्टाइननं तिला धीर देणारं पत्र लिहिलं: असली बडबड वाचूच नकोस, या आशयाचं. १९१३ मध्ये दोघं मुलाबाळांसह स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी भटकले.

सिनेमावर माझी खरी तक्रार इथेच आहे. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवलेली ही बाई, १९०३ ला भौतिकशास्त्र आणि १९११ ला रसायनशास्त्र. तिला धाडसी, हुशार दाखवली आहे हे खरं, पण शेवटी ती अल्बर्टची बुद्धी ओळखणारी आणि त्याला सोडवणारी एवढीच उरते. छिन्नी एकदा तिच्याही हातात द्यायला हवी होती. आणि खऱ्या आइन्स्टाइनच्या तरुणपणातली, त्याच्याच वर्गात भौतिकशास्त्र शिकलेली पहिली बायको मिलेवा मारिच तर गोष्टीतून गायबच आहे.

शेवटचा सरकारवरचा विनोद कळला नाही.

बॉम्ब विझल्यावर अल्बर्ट आपलं सूत्र जगाला फुकट देऊन टाकायला निघतो. सरकारं याचे बॉम्ब करतील, ही शंका निघते. तो भाबडेपणानं म्हणतो, की जगातल्या सरकारांवर विश्वास नाही ठेवायचा तर ठेवायचा कुणावर?

आपण हसतो. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकाला त्या हसण्यात ठसका लागत असणार. १९५२ ते १९६३ या काळात ब्रिटननं अणुचाचण्या केल्या त्या ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर: आधी माँटे बेलो बेटांवर, मग एमू फील्ड आणि मारालिंगाच्या वाळवंटात. मोठे स्फोटच बारा. तिथल्या मूळ निवासी लोकांना धड इशाराही मिळाला नव्हता. या सगळ्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल आला १९८५ मध्ये, सिनेमाच्या तीनच वर्षं आधी. आता ते वाक्य परत ऐका.

गाणी कुणाची?

त्या काळच्या ऑस्ट्रेलियन रॉकचा एक छोटेखानी संग्रहच आहे. पॉल केली, आइसहाउस, मेंटल ॲज एनिथिंग. आइसहाउसचं ‘ग्रेट सदर्न लँड’ वाजतं तेव्हा पडद्यावर नुसता भूप्रदेश आहे आणि विनोद पाच मिनिटं रजेवर जातो. ती पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा.

चालला का?

मायदेशी दणक्यात. सुमारे पन्नास लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या खर्चावर तिथेच एक कोटी तीस लाखांहून जास्त गल्ला जमला. ‘क्रोकोडाइल डंडी’ या ऑस्ट्रेलियन सिनेमानं १९८६ मध्ये अमेरिका जिंकलेली असल्यामुळे वॉर्नर ब्रदर्सनं ऑगस्ट १९८९ मध्ये मोठा गाजावाजा करून हाही तिकडे लावला. तिथे साधारण सव्वा कोटी डॉलरच्या आत मजल गेली, समीक्षकांनी धुतला, रॉजर ईबर्टनं एकच तारा दिला. ‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेवाल्यांनी पुढे एका भागात ‘याहू सीरियस महोत्सवा’ची पाटी दाखवून टपली मारली.

मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर आहेत. मधली वीस मिनिटं सैल आहेत, काही विनोद पोरकट आहेत. पण गवळण ज्या गावात उभी राहते तिथेच ती रंगते.

लहान मुलांना दाखवावा का?

नऊ-दहाच्या पुढे चालेल, पण शेजारी बसा. वेड्यांच्या इस्पितळातला एक आचारी मांजरीची पिल्लं ‘पाय’ या भाजून करायच्या पदार्थात घालून भट्टीत ढकलतो. अल्बर्ट त्यांना वाचवतो, तरीही आमच्याकडे एक चिमुरडी रडली होती. वेड्यांची टिंगलही आज खटकते. मांजरांच्या प्रसंगाआधी चहाची सुट्टी घ्यायची, असं मी ठरवून टाकलं आहे.

माझा भाचा सिनेमा संपल्यावर म्हणाला, “मामा, मग शाळेत आइन्स्टाइन जर्मनीचा असं का शिकवतात?” नकाशा काढला, उल्म आणि टास्मानिया दाखवलं. त्यानं बराच वेळ दोन्हीकडे बोट ठेवलं आणि म्हणाला, “पण टास्मानिया जास्त भारी आहे.”

इंटरनेटवाल्या याहू कंपनीशी काही संबंध?

कोर्टापुरता. २००० साली याहू सीरियसनं नावाच्या हक्कावरून याहू कंपनीवर दावा ठोकला. त्या नावानं आपला काही धंदा चालतो आणि त्याचं नुकसान झालं, हे दाखवता न आल्यानं दावा फेटाळला गेला. त्यानं एकूण तीनच मोठे सिनेमे केले: हा, १९९३ चा ‘रेकलेस केली’ आणि २००० चा ‘मिस्टर ॲक्सिडेंट’. पुढच्या दोघांना ही सर नाही.

टास्मानियात गेलो तर ते खोपट, ती बाग बघता येईल का?

नाही. बरंचसं चित्रीकरण न्यू साउथ वेल्समध्ये, हंटर खोऱ्यातल्या वोलोम्बीच्या आसपास झालं. खरं जन्मघर बघायचं तर उल्मचं ते घर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात गेलं. बर्नमध्ये क्रामगासे ४९ इथे, दुसऱ्या मजल्यावर, आइन्स्टाइन १९०५ साली राहत होता ती जागा मात्र जपलेली आहे. टास्मानियात सफरचंदं मिळतील. चांगली असतात म्हणे.